आईच्या पायाखालचा प्लाय

सांगलीतल्या प्लायवूडच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "किचनचं काम की बाथरूमचं?" मी म्हणालो, "नदीचं." त्यानं पेन कानावर अडकवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. होडी करायची आहे असं सांगितल्यावर त्यानं आत हाक मारून भावाला बोलावलं. भाऊ आला, त्यानं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग दोघांनी मिळून विचारलं की कुठल्या जाडीचा देऊ. ते विचारायलाच तर मी आलो होतो.

आमचं गाव कृष्णेच्या काठावर, आष्ट्यापासून फार लांब नाही. पूर आला की नदी थेट गावात शिरत नाही. आधी ओढ्यात तिचा फुगवटा चढतो, ओढ्याचं पाणी मागं येतं आणि आमची आळी गावापासून तुटते. त्या पाण्याला धार नसते, ते नुसतं चढत राहतं. आळीत अगदी शेवटी दोन घरं, एक आमचं आणि भिंतीला भिंत लावून काकीचं. मागच्या मोठ्या पुरात आईला काहिलीत बसवून बाहेर काढलं होतं. काहिल म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी कढई. आमच्याकडे पुरात तिचीच होडी करतात. मी तेव्हा बायको-मुलांसकट नोकरीवर, जम्मूकडे होतो. आई काहिलीच्या तळाशी गुडघे पोटाशी घेऊन बसलीय आणि चौघं जण छातीभर पाण्यातून काहिल ढकलतायत, हे मी फोनवर बघितलं.

तेव्हापासून आईनं एकच धरलं होतं. "आता पानी आलं तर मी घर सोडनार न्हाई. स्लॅबवर बसंन, न्हाई तर बुडंन." हे ती रागानं म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं, पण ती भाकरी थापता थापता, मीठ जास्त झालं असं सांगावं तसं सांगायची. पेन्शनीत आल्यावर हे माझ्या वाट्याला आलं. पावसाळा जवळ आला की मी रोज ओढ्यावर जाऊन पाणी बघून यायचो. आईला उचलून न्यायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि तिला पाण्यात सोडून मी जाणार नव्हतो. तेव्हा मी ठरवलं की तिला काहिलीची लाज वाटत असणार, कुणीतरी उचलून ठेवायची लाज वाटत असणार, तर आपण एक नीट होडी करू. तिनं स्वतःच्या पायानं चढावं अशी.

गावात ही बातमी पसरल्यावर सगळ्यांना वाटलं, मिलिट्रीतला माणूस, याला येतच असणार. मी सगळी नोकरी रेशनच्या स्टोअरमध्ये डाळ-तांदूळ तोलण्यात घालवली हे कुणी लक्षात घेत नाही. होडीत मी एकदाच बसलो होतो, धोमच्या धरणावर, लग्नानंतर, आणि तेव्हाही कडेला घट्ट धरून.

मग मी फोनवर बघायला लागलो. तिथं परदेशातली माणसं आपल्या गॅरेजमध्ये होड्या करत असतात. एक जण सांगायचा, सहा एमएमचा प्लाय भरपूर झाला, त्यावर फायबरचं कापड चढवा, होडी एका माणसाला उचलता येते. दुसरा म्हणायचा, तळाला नऊ एमएमच्या खाली जाल तर पस्तावाल. तिसरा म्हणायचा, जाडीचा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं मी पुढं ऐकलंच नाही. तिघांच्याही होड्या निळ्या तळ्यावर तरंगत होत्या आणि तिघंही हसत होते.

आमच्या गावातला सुतार मिस्त्री माझ्या वयाचा, शाळेतला सोबती. त्याच्या लेखी जगात एकच जाडी आहे, एकोणीस एमएम. दारं, कपाटं, पलंग, सगळं त्याच मापात. मी सहा एमएम म्हटल्यावर तो हसला. "गड्या, सहाचा प्लाय कपाटाच्या पाठीमागं मारत्यात. तिथं कोन बघत न्हाई म्हनून. त्यावर आईला बसवतोस व्हय?" मला ते पटलं. घरी येऊन फोन उघडला की तिकडचंही पटायचं. समोर जो बोलत असेल त्याचं मला पटतं, हा माझा जुना आजार आहे. बायको म्हणते, तुम्हाला दोन माणसांत उभं केलं तर तुम्ही दोघांनाही मान हलवाल.

दुकानदारानं सांगितलं होतं की खरा मरीन प्लाय उकळत्या पाण्यात टाकला तरी सुटत नाही. त्यानं वेगवेगळ्या जाडीचे आणि किमतीचे तुकडे दिले होते. मी ते घेऊन आलो आणि सकाळी अंघोळीचं पाणी तापवायच्या हंड्यात टाकले. दुपारपर्यंत चूल चालू ठेवली. स्वस्तातल्या तुकड्याचे पदर चहातल्या खारीसारखे सुटले, हंड्यातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं. चांगला तुकडा होता तसाच राहिला. मला फार आनंद झाला, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक गोष्ट नक्की कळली होती. आई म्हणाली, "लाकडं जाळून लाकूड शिजवतोय. पेन्शनीत काय काय सुचतंय मानसाला."

फायबरसाठी मला सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत एकाचं नाव सांगितलं. तो टाक्या, ट्रकच्या टपांवरची झाकणं आणि मंगल कार्यालयाचे खांब करतो. शेडमध्ये पाऊल टाकलं की फायबर चिकटवायच्या रेझिनच्या वासानं डोकं गरगरतं. त्याला मी विचारलं, प्लायवर फायबरचे किती थर द्यायचे, आतून द्यायचे की बाहेरून. तो म्हणाला, "थर सोडा हो. प्लायचा साचा करा, त्यावर मी फायबर मारतो, वाळलं की प्लाय काढून टाकू. नुसत्या फायबरची होडी."

"म्हणजे लाकडाच्या होडीतलं लाकूड टाकून द्यायचं?"

"मग लाकडाचं काम काय त्यात?"

तिथंच दुसरा एक कारागीर फायबरची मॅट कापत होता. तो कापता कापता म्हणाला, साधं पॉलिएस्टर रेझिन लाकडाला धरत नाही, वर्षभरात पापुद्रा सुटतो, इपॉक्सी रेझिनच घ्यायला पाहिजे. मालक म्हणाला, कधी सुटत नाही. कारागीर म्हणाला, मागच्या वर्षीच्या खांबांचं काय झालं मग? त्यावर त्यांचं आपसात जुंपलं आणि मी बाहेर येऊन मोटारसायकलवर बसलो. त्या दिवशी मला खरंच रडू आलं असतं. एक साधी गोष्ट करायची होती, माझ्या आईला पाण्यातून बाहेर काढायचं होतं, आणि मी खांबांचं भांडण ऐकत उभा होतो.

शेवटी वाटलं, ज्या माणसासाठी करायचीय त्यालाच विचारावं. अंगणात दोन विटा ठेवल्या, त्यांवर प्लायचा तुकडा आडवा टाकला आणि आईला म्हणालो, यावर उभी राहा. कुठल्याही परदेशी माणसानं अशी चाचणी केलेली मी बघितली नाही. आई काठी भिंतीला टेकवून, माझा खांदा धरून सहा एमएमवर चढली.

"ह्ये लचकतंय."

"लचकलं तरी मोडत नाही, आई."

"मोडायची वाट बघू व्हय?"

नऊवर चढली. तोही लचकतोय म्हणाली. बारावर जरा थांबली, पायाचे अंगठे दाबून बघितले आणि नाक मुरडलं. एकोणीसवर मात्र देवघरात उभी असावी तशी उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ती म्हणाली, "आनि दोन मानसं असली तर?"

मी म्हणालो, "बघूया की," आणि तिच्या शेजारी चढलो.

"तू न्हवं," ती म्हणाली आणि चिडून खाली उतरली. काठी घेऊन आत गेली. मी आपला प्लायवर एकटाच उभा. माझं काय चुकलं ते मला कळेना.

पण उत्तर मिळालं होतं, एकोणीस. मिस्त्रीकडे एकोणीसचा पूर्ण ताव उचलून बघितला, त्यानं एकीकडून आणि मी दुसरीकडून. कमरेतून कळ गेली. अशी होडी पाण्यापर्यंत न्यायची तर ट्रॅक्टर लागेल, आणि ट्रॅक्टर जाईल असा रस्ता असेल तर होडी कशाला? हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायको दुष्काळी माणची, दहिवडीकडची. तिच्या माहेरी टँकर आला की पूर आला म्हणतात. तिला होडीतलं काय कळणार, असं मी मनात धरून होतो. ती कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी जाडी बगत बसलाय. दुसरं मानूस कोन ते इचारलं का आईंना?"

"मीच की. वल्हवणारा."

"तुमी त्यात न्हाईच. काकी हायत."

मग तिनं मला सांगितलं ते असं. मागच्या पुरात काहिल आली तेव्हा स्लॅबवर दोघी होत्या, आई आणि काकी. काकीचा मुलगा मुंबईला, ती एकटीच राहते, म्हणून पाणी चढल्यावर भिंतीवरून आमच्या स्लॅबवर आली होती. काकी गाठोडं घेऊन पुढं झाली, तिनं एक पायसुद्धा उचलला होता. काहिल कलंडू नये म्हणून ते एका वेळी एकच माणूस घेत होते. ढकलणाऱ्यांतला कुणीतरी म्हणाला, थोरलीला आधी घ्या, आणि त्यांनी आईला उचलून आत ठेवलं. आई काही बोलली नाही. परत फेरी मारतो म्हणून गेलेली काहिल अंधारामुळं आलीच नाही. काकी रात्रभर त्या स्लॅबवर एकटी, पावसात. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाच्या रबरी बोटीनं तिला आणलं. तेव्हापासून काकी आईशी बोलत नाही.

दोघी बोलत नाहीत हे मला माहीत होतं. पण बांधावरून किंवा मोरीच्या पाण्यावरून काहीतरी असेल असं मी समजत होतो. जावाजावांचं काय, असंच असतं, असं म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं. बायको म्हणाली, "आई मला म्हनल्या, मी परत एकटी त्यात बसायची न्हाई. बसलं तर दोघी, न्हाई तर दोघी न्हाई."

म्हणजे प्रश्न लाजेचा नव्हता, काहिलीचा नव्हता, उचलण्याचाही नव्हता. मी भलत्याच गोष्टीसाठी होडी करत होतो. आणि तरीही होडीच लागणार होती. हे कळल्यावर माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता, पण वाढलाच. आधी नुसता प्लाय निवडायचा होता, आता काकी त्यात बसेल का हेही होतं. आणि ते काही विटांवर ठेवून बघता येत नव्हतं.

मिस्त्रीला म्हणालो, तिघांचं वजन धर. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हणाला, पलंगाला खालून पट्ट्या मारतो तशा तळाला मारू, मग बाराचासुद्धा लचकायचा न्हाई. तेव्हा तळाला बारा, बाजूंना सहा असं ठरलं. बरोबर की चूक, मला आजही माहीत नाही. फायबरच्या शेडमधल्या मालकाचं न ऐकता कारागिराचं ऐकलं आणि इपॉक्सी आणलं. सांध्यांना आतून बाहेरून फायबरच्या पट्ट्या, तळाला बाहेरून कापडाचे दोन थर. पहिला थर मी दुपारच्या उन्हात दिला. डब्यातलं रेझिन धूर सोडून दगडासारखं झालं आणि ब्रश त्यातच उभा राहिला. नंतर सकाळी गार वेळेला थोडं थोडं कालवून केलं. कापडाखाली हवा राहिली की पांढरा डाग दिसतो. ते डाग दाबत मी सगळ्या अंगणात रांगलो.

काकी भिंतीपलीकडून बघायची. आमच्याशी बोलणं नाही, मग ती कोंबडीशी बोलायची. घासकामाची धूळ उडाली की म्हणायची, "खोकला लागला बग गं ह्या घरात ऱ्हाऊन, कोंबडे." एकदा म्हणाली, "कुनासाठी चाललंय एवडं, काय कळंना बया." आई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं, भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी मध्येच हातात सँडपेपर घेऊन उभा. आता कुणी तरी काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, आणि मी घासलेलीच बाजू पुन्हा घासायला लागलो.

होडीची परीक्षा एका पाहुण्याच्या शेततळ्यात घेतली. दोघींच्या वजनाची युरियाची पोती मधोमध ठेवली, मी मागं बसलो. गळली नाही. मिस्त्री काठावरून ओरडला, "तरंगतीया की रं!" त्यालाही माझ्याइतकंच आश्चर्य वाटलं होतं.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि ओढा फुगायला लागला. गावात कुणी पाणी दिसल्याशिवाय घर सोडत नाही, आमचंही तसंच. बायको, मुलं आणि म्हशी आधी गावात पोचवल्या. आई पाण्याच्या कडेला गेली, खणानारळानं कृष्णामाईची ओटी भरली, हात जोडले. ओटी भरली की पाणी उतरतं असं आमच्याकडच्या बाया मानतात. त्या दिवशी उतरलं नाही. दुपारी अंगणात आलं, मग पायरीला लागलं. मी होडी ओढून दाराशी आणली आणि म्हणालो, "आई, चल."

ती उंबऱ्यात उभी राहिली. पायात पाणी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात काहीही नाही. तिनं भिंतीकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि चढली. माझा खांदासुद्धा धरला नाही. तळावर पाय दाबून बघितला, बसायच्या फळीवर टेकली आणि म्हणाली, "तिच्या दारात घे."

काकी तिच्या दारात उभीच होती, काखेत गाठोडं. मी दाराची लोखंडी जाळी धरून होडी थांबवली. आईनं तोंड फिरवलं होतं, ती ओढ्यापलीकडच्या उसाकडे बघत होती. काकी मला म्हणाली, "तुमी जावा. मला रबरी बोट येनार हाय."

"काकी, कुठली बोट? कुणी सांगितलं?"

"येनार हाय."

मी आईकडे बघितलं. तिनं काठी मांडीवर आडवी घट्ट धरली होती, पण मान वळवली नाही. पाणी काकीच्या उंबऱ्यावरून आत जायला लागलं होतं. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "ही कुणासाठी केलीय मी? ती तुमच्याबिगर इथून हलणार नाही, कळतंय का? माझ्या कमरेचं वाटोळं झालंय, अंगणात रांगून गुडघे सोलले माझे, आणि तुम्ही दोघी! राहा मग दोघी इथंच, मीही राहतो, सगळेच बुडू!"

माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. मला स्वतःचीच लाज वाटली. काकीशी मी जन्मात असा बोललो नव्हतो.

काकीनं आईच्या पाठीकडे बघितलं. मग गाठोडं माझ्याकडे दिलं. मी हात पुढं केला, तो तिनं धरला आणि आत पाऊल टाकलं. बसायला आईच्या शेजारीच काय ती जागा. ती पदर सावरून टेकली, दोघी अंगानं भरलेल्या, होडी एकीकडे कलली आणि पाण्याची एक चूळ आत आली. मी जीव मुठीत धरून जाळी सोडली.

वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. आळीच्या तोंडापर्यंत आल्यावर काकी म्हणाली, "आक्का, वाईच सरका की तिकडं."

आई तिच्याकडे वळली. "कुनीकडं सरकू? पान्यात?"

"ह्येनं फळी केलीया का पाट?"

"इतकं दिवस नुसती जाडीच बगत हुता," आई म्हणाली आणि तिनं काकीच्या दंडाला हात घालून तिला आपल्याकडे ओढून घेतलं.